साथीच्या काळात वॉर्डातल्या सिस्टर तग धरतात तरी कशा?

साथ आली की परिचारिकांच्या वाट्याला दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे कौतुक आणि दुसरी म्हणजे ताणमुक्तीवरचे व्याख्यान. दोन्हींमागची भावना चांगली असते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु रात्रपाळी संपवून आलेल्या सिस्टरला सकाळी अकरा वाजता ऑनलाइन बसवून 'दीर्घ श्वास घ्या, छंद जोपासा' असे सांगणाऱ्या माणसाने तिची ड्युटी लिस्ट कधी पाहिलेली नसते, हेही तितकेच खरे आहे. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केल्यावर आणि आता एका वॉर्डाची इनचार्ज झाल्यावर माझे मत असे बनले आहे, की साथीतला ताण बहुतांशी ड्युटी लिस्टमधून, साहित्याच्या कपाटातून, घराच्या उंबरठ्यावरून आणि रुग्णाच्या नातेवाइकांच्या फोनमधून येतो, आणि तो हलका करायचा असेल तर हातही तिथेच घालावा लागतो. मन खंबीर करण्याचे उपाय त्यानंतरचे.

पुण्यात कोरोनाचे पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० रोजी आढळले आणि त्यांना महापालिकेच्या नायडू रुग्णालयात दाखल करण्यात आले. दुसऱ्या दिवशी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले यांची पुण्यतिथी होती. १८९७ च्या प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करता करता त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि त्यातच त्यांचा अंत झाला, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे त्यांच्या तसबिरीला हार घातला, मात्र त्या वर्षी भाषणात कोणाचे फारसे लक्ष नव्हते. मागच्या रांगेत सगळ्यांची कुजबुज एकाच गोष्टीवर चालली होती, ती म्हणजे आपल्या स्टोअरमध्ये एन-९५ मास्क किती आहेत.

त्या कुजबुजीत भीती होती, पण ती कशाची होती हे नीट समजून घेतले पाहिजे. स्वतःच्या मरणाची भीती मी माझ्या सहकाऱ्यांच्या तोंडून क्वचितच ऐकली. 'मी घरी घेऊन गेले तर?' हा प्रश्न मात्र प्रत्येकीच्या तोंडी होता. घरात मधुमेही सासरे, दम्याची आई किंवा अंगावर पिणारे बाळ असलेली सिस्टर वॉर्डात जितकी धीट असे तितकीच घराच्या दाराशी भित्री होत असे. केरळमध्ये २०१८ साली निपाहची साथ आली तेव्हा पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयातल्या लिनी या परिचारिकेला रुग्णसेवा करतानाच लागण झाली आणि दोन लहान मुलांना मागे ठेवून ती गेली. विलगीकरणात असताना तिने नवऱ्याला लिहिलेली चिठ्ठी तेव्हाही आमच्या फोनवर फिरली होती. २०२० च्या मार्चमध्ये ती पुन्हा फिरू लागली, तेव्हा आमच्या तेव्हाच्या इनचार्ज बाईंनी ती ग्रुपवर टाकायला मनाई केली. तेव्हा त्यांचा राग आला होता. आज त्यांच्या जागी असते तर मीही तेच केले असते.

पीपीई किटबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. घाम, गॉगलवर जमणारी वाफ आणि नाकाच्या हाडावर उठणारा वळ हे फोटोंतूनही दिसत होते. जे फोटोंत दिसत नव्हते ते म्हणजे सिस्टर ड्युटीच्या दोन तास आधीपासून पाणी पिणे बंद करीत, कारण एकदा किट चढवले की लघवीला जाणे म्हणजे एक किट वाया घालवणे, आणि किटे मोजकीच होती. काही जणी डायपर वापरत. पाळीच्या दिवसांत काय होत असेल, याचा विचार ड्युटी लावणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी केला. पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आणि त्यावरचे औषध त्यांनी आपल्याच वॉर्डात, कोणाला न सांगता घेतले. ताणाविषयी बोलताना लोक मनाकडे बोट दाखवतात. आमच्याकडे त्याची सुरुवात कितीदा तरी ओटीपोटातल्या दुखण्यापासून होत असे.

किट घालण्यापेक्षा ते काढणे अधिक जिवावरचे. सहा तास उभे राहून, घसा कोरडा पडलेला आणि डोके जड झालेले असताना सर्वांत जास्त काळजी घ्यायची वेळ येते. आधी बाहेरचे हातमोजे. मग अंगावरचा पोशाख आतली बाजू बाहेर येईल अशा बेताने गुंडाळत खाली. मग गॉगल, तो पुढून न धरता मागच्या पट्ट्याला धरून. आणि सगळ्यांत शेवटी मास्क. प्रत्येक टप्प्यानंतर हात निर्जंतुक करायचे. हे सगळे पाठ असते, परंतु थकलेल्या माणसाचा हात नकळत तोंडाकडे जातो. आमच्याकडे सुरुवातीच्या काही दिवसांतच एक पद्धत पडली, ती अशी, की कोणीही एकटीने किट काढायचे नाही. समोर सुरक्षित अंतरावर दुसरी सिस्टर उभी राहून भिंतीवरच्या कागदातली एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि आतल्या सिस्टरने ऐकून तेवढेच करायचे. 'हात. आता पट्टा. मागून. थांब, पुन्हा हात.' माझ्या पाहण्यात साथीतला ताण कमी करणारा याहून प्रभावी उपाय दुसरा आलेला नाही, आणि त्याला खर्च आला तो एका कागदाचा आणि चिकटपट्टीचा. चूक होईल का, ही धास्ती एकटीने वाहण्याऐवजी दोघींत वाटली जात असे. घरी पोहोचल्यावर 'मी मास्क आधी काढला की गॉगल?' हा रात्रभर छळणारा प्रश्नही त्यामुळे उरत नसे, कारण त्याचे उत्तर देणारी एक साक्षीदार होती.

घराचा प्रश्न इतक्या सहज सुटणारा नव्हता. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता ज्या गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या, त्याच इमारतींत पुढच्या पंधरवड्यात सिस्टरने लिफ्ट वापरू नये अशी चिठ्ठी लागलेली मी पाहिली आहे. माझ्या एका सहकारी मुलीला, ती विदर्भातून नोकरीसाठी आलेली आणि एकटी राहणारी होती, घरमालकाने अत्यंत गोड शब्दांत खोली रिकामी करायला सांगितले. केंद्र सरकारने २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती केली, आरोग्यकर्मींवरील हिंसाचार अजामीनपात्र ठरवला, पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापत असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद केली. राहत्या जागी होणारा छळही त्यात धरला होता. कायदा योग्यच होता. पण ज्या घरात रात्री परत झोपायचे आहे, त्या घराच्या मालकाविरुद्ध कोणती मुलगी पोलीस ठाण्यात जाईल? तिला उपयोगी पडला तो रुग्णालयाने भाड्याने घेतलेला एक लॉज. तिथे अंघोळीला गरम पाणी होते, गेल्या गेल्या मिळणारे जेवण होते आणि दारात नाक मुरडणारे कोणी नव्हते. लहान मुले असलेल्या सिस्टरना मात्र त्याच लॉजच्या खोल्या खायला उठत. मुलाला आपल्यापासून लागण होणार नाही याचा दिलासा आणि मुलगा रात्री आजीजवळ रडतो आहे याचा सल, हे दोन्ही एकाच उशीवर.

अतिदक्षता विभागात, विशेषतः व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे, प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. साथ येण्याआधीही तो निकष बहुतेक ठिकाणी कागदावरच होता. साथीत एकेका सिस्टरकडे पाच-सहा गंभीर रुग्ण येऊ लागले, तेव्हा कामाच्या ओझ्याहूनही अधिक टोचणारी गोष्ट ही होती, की आपल्याला नीट शुश्रूषा कशी करायची हे माहीत आहे आणि आपण ती करू शकत नाही. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर करायचे असते. एखाद्या रात्री ते एकदाही झाले नाही तर सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवताना, सिस्टरचा आवाज खाली जात असे. तिला कोणी बोल लावत नव्हते, तरीही.

त्यातच नातेवाइकांना आत येण्याची बंदी. त्यामुळे रुग्ण आणि त्याचे घर यांच्यामध्ये उरली ती सिस्टर आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक मोबाइल. जुन्नरकडचे एक आजोबा आठवतात. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करायची त्यांना परवानगी नव्हती आणि मास्कमधून बोललेले पलीकडे कळत नव्हते, म्हणून त्यांचा प्रत्येक शब्द मी मोठ्याने पुन्हा म्हणत होते. मुलाने प्रकृती विचारली, तर यांनी उलट विचारले, 'कांदा चाळीत गेला का?' मी विचारले, 'कांदा चाळीत गेला का?' मुलगा हो म्हणाला. मग किती गेला, ओला तर नव्हता ना, मजुरांचे पैसे दिले का, असे सगळे मीच विचारले. तो मुलगा पलीकडे रडत रडत कांद्याचा हिशेब देत होता. आजोबा चार दिवसांनी गेले. त्यांच्या सामानाची यादी करायची होती: चष्मा, कवळी, मोबाइल, चार्जर, स्टीलचा डबा. यादीखाली दोन सह्या लागतात. त्यांतली एक माझी होती.

मृतदेह बांधण्याचे काम हा साथीतल्या ताणाचा गाभा होता असे मला वाटते, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले गेले. एरवी माणूस गेल्यावर घरचे येतात, रडतात, तोंडात पाणी घालतात आणि सिस्टर हळूच बाजूला होते. इथे बाजूला व्हायला कोणी दुसरे नव्हतेच. आमच्या वॉर्डातल्या एक मावशी, ज्यांची निवृत्ती जवळ आली होती, पिशवीची चेन लावण्यापूर्वी प्रत्येकाच्या कपाळावर हातमोज्यानेच हात ठेवून 'जा बाबा सुखाने' किंवा 'जा बाई सुखाने' असे म्हणत. त्यांना तसे करायला कोणी सांगितले नव्हते. काही दिवसांनी आम्ही सगळ्याच, धर्म-जात न विचारता, तसे करू लागलो. त्याबरोबर इनचार्ज बाईंनी एक नियमही केला होता: एका पाळीत एका सिस्टरच्या वाट्याला असे एकच काम, दुसरे आले तर दुसरीने करायचे. मावशींचा हात आणि बाईंचा नियम, या दोन्हींनी मिळून आम्हाला सावरले. नुसता हात असता तर आम्ही भावनेत वाहून गेलो असतो. नुसता नियम असता तर आमची यंत्रे झाली असती.

हसणेही होते, आणि ते बाहेरच्यांना सांगायला आजही थोडे अवघड वाटते. किट घातल्यावर कोण कोण आहे हे कळत नसे म्हणून छातीवर मार्करने नाव लिहीत. आमच्यातला एक ब्रदर स्वतःच्या नावाऐवजी रोज नवे पद लिहून येई. आज 'सरपंच', उद्या 'तहसीलदार'. मग वॉर्डात कोपऱ्यातून खोल गेलेल्या आवाजात हाक येई, 'ओ तहसीलदार, पाणी द्या जरा.' तहसीलदार पाणी घेऊन जात. एका वरिष्ठांनी शिस्तीचा मुद्दा काढला होता. सुदैवाने त्यांच्याकडेही वेळ नव्हता.

२००३ साली टोरांटोमध्ये सार्सची साथ आली होती. त्यानंतर एक ते दोन वर्षांनी तिथल्या संशोधकांनी सार्सचे रुग्ण सांभाळणाऱ्या टोरांटोतल्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांची तुलना जवळच्या हॅमिल्टन शहरातील, सार्सची झळ न बसलेल्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांशी केली. इतका काळ लोटूनही टोरांटोतल्या लोकांमध्ये मानसिक थकवा आणि आघाताची लक्षणे अधिक होती, आणि रुग्णांशी थेट संबंध येणारे काम कमी करून घेण्याकडे त्यांचा कलही अधिक होता. मला त्यातला महत्त्वाचा भाग वाटतो तो हा, की ज्यांना आपल्याला पुरेसे प्रशिक्षण, संरक्षण आणि पाठबळ मिळाले असे वाटत होते ते तुलनेने सावरलेले होते. आणि जे स्वतःला दोष देत किंवा प्रसंग टाळत राहिले त्यांचे हाल अधिक झाले. आमच्याकडच्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळते. साथ ऐन भरात असताना सिस्टर कोसळत नाहीत. त्या वर्ष-दीड वर्षाने, एखाद्या साध्या दिवशी, सलाइन लावताना हात थरथरू लागला म्हणून रजेचा अर्ज देतात, आणि कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' असे लिहितात.

दुसरी लाट वेगळी होती. १६ जानेवारी २०२१ पासून आरोग्यकर्मींचे लसीकरण सुरू झाले होते, त्यामुळे घरी संसर्ग नेण्याची धास्ती बरीच ओसरली होती. तिची जागा संतापाने आणि हतबलतेने घेतली. एप्रिलमध्ये खाट नाही, ऑक्सिजन नाही, इंजेक्शन नाही, आणि हे सगळे 'नाही' नातेवाइकांना सांगायला दारात उभी कोण, तर सिस्टर. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन २०हून अधिक रुग्ण दगावले. त्यानंतर कित्येक आठवडे आमच्या सिस्टर वॉर्डात शिरल्या की रुग्णांआधी ऑक्सिजनच्या दाबाचा काटा पाहत. त्या काळात ज्या इनचार्जनी साठ्याची खरी माहिती दर पाळीला फळ्यावर लिहिली, त्यांच्या वॉर्डात घबराट कमी होती. 'तुम्ही काळजी करू नका, वर बघतील' असे जिथे सांगितले गेले तिथे अफवांना ऊत आला.

सगळ्या साथी सारख्या नसतात, हे २०२५ च्या जानेवारीत पुण्यात पुन्हा कळले. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेडगाव या भागांत दूषित पाण्याशी संबंध असलेला गुलेन-बॅरी सिंड्रोमचा उद्रेक झाला आणि शहरातले अतिदक्षता विभाग पुन्हा भरले. हा आजार रुग्णाकडून सिस्टरला होत नाही, तेव्हा किट नको आणि घरची भीतीही नको. तरीही काही आठवड्यांत माझ्या वॉर्डातल्या मुली थकलेल्या दिसू लागल्या. या रुग्णांचे हातपाय हलत नाहीत, श्वासाला व्हेंटिलेटर लागतो, पण शुद्ध पूर्ण असते. ते सगळे ऐकतात. पापणी मिटून 'हो' किंवा 'नाही' सांगतात. मुळाक्षरांच्या तक्त्यावर बोट फिरवत एकेक अक्षर ओळखून त्यांचे म्हणणे जाणून घ्यावे लागते, आणि अर्ध्या तासानंतर निघालेला शब्द 'खाज' असा असतो. कोरोनात सिस्टर खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून एकमेकींपाशी त्रागा करू शकत होत्या, इथे तेही शक्य नव्हते. म्हणून आम्ही ओव्हर देण्याची जागा खाटेपासून दूर, औषधांच्या ट्रॉलीमागे हलवली. रुग्णाविषयी जे त्याच्यासमोर सांगायचे ते त्याच्यासमोर, आणि आपल्याविषयी जे बोलायचे ते तिथे.

इनचार्ज झाल्यापासून मी काही गोष्टी हट्टाने करते. किट काढण्याचा सराव नव्या मुलींकडून सकाळी ताज्या असताना घेण्याऐवजी पाळी संपताना, पाय दुखत असताना घेते. सलग रात्रपाळ्यांनंतरची सुट्टी कोणत्याही कारणाने फिरवत नाही, आणि फिरवावीच लागली तर ती कोणाच्या सांगण्यावरून फिरवली हे लिहून ठेवते. गंभीर बातमी घरच्यांना डॉक्टरांनी सांगायची, सिस्टरने फक्त सोबत उभे राहायचे, यावरून मी अनेकांशी वाईटपणा घेतला आहे. रिक्त पदे भरण्याविषयी दर वर्षी पत्र पाठवते. त्याची पोच मात्र वेळेवर येते.

समुपदेशकाचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. पूर्वी तिला प्रशासकीय इमारतीत खोली दिली होती, आणि तिथे जायचे म्हणजे वाटेत बसलेल्या सगळ्या कारकुनांना आपण कुठे चाललो ते कळणार, म्हणून कोणी फिरकत नसे. आता मेट्रन बाईंच्या संमतीने ती दर गुरुवारी दुपारी आमच्या मजल्यावरच्या लिनन रूममध्ये बसते, कारण त्या मजल्यावर आतून कडी लागणारी तेवढी एकच खोली आहे. सिस्टर 'चादरी घेऊन येते' असे सांगून जातात, अर्ध्या-पाऊण तासाने परत येतात, आणि चादरीही खरोखरच घेऊन येतात.